अज्ञात इसम, ज्ञात बँक

मराठी वर्तमानपत्रांतलं सर्वात कष्टाळू पात्र म्हणजे अज्ञात इसम. नाशिकच्या शहर पानावर त्याची रोजची हजेरी. सिडकोत घराचं कुलूप तोच तोडतो, गंगापूर रोडवर सकाळी फिरायला निघालेल्या बाईंचं मंगळसूत्र तोच ओढतो, आणि शालिमारला उभी केलेली दुचाकीही तोच घेऊन जातो. त्याला ना रजा, ना बदली, ना निवृत्ती. 'अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल' या चार शब्दांवर पिढ्यानपिढ्या त्याचा संसार चालला आहे. आता कुलूप तोडणारा अज्ञात राहतो, हे समजण्यासारखं आहे. तो रात्री येतो, तोंडाला रुमाल बांधतो आणि जाताना आधार कार्डाची झेरॉक्स टेबलावर ठेवून जात नाही. पण बँकेच्या खात्यातून पैसे उडवणारा इसम अज्ञात कसा, हे कोडं मात्र सुटत नाही. खात्यातून निघालेले पैसे हवेत विरत नाहीत, ते दुसऱ्या खात्यात जाऊन बसतात. ते खातं कुठल्यातरी बँकेनेच उघडलेलं असतं. आणि बँक खातं कसं उघडते, ते सगळ्यांना ठाऊक आहे: आधार, पॅन, दोन फोटो, विजेचं बिल आणि जागोजागी सह्या. त्यातली एक सही जरा तिरकी पडली तरी 'काका, पुन्हा करा' म्हणून फॉर्म परत येतो. पेन्शनर मंडळींना तर आपण जिवंत आहोत, हे दर नोव्हेंबरात नव्याने सिद्ध करावं लागतं. इतक्या चाळण्यांतून पार पडलेल्या माणसाच्या खात्यात चोरीचे पैसे गेले की तो एका क्षणात अज्ञात होतो. केवायसी पूर्ण असलेला असा अज्ञात इसम दुसऱ्या कोणत्याच धंद्यात सापडणार नाही.

गंमत अशी की, हेच नाव चोरी होण्याआधी बँक आपल्याला आग्रहाने सांगते. नाशिकमध्ये मिसळ खाऊन क्यूआर कोड स्कॅन करावा, तर पाटीवर एक नाव आणि मोबाइलवर मालकाच्या मेहुण्याचं दुसरंच नाव. ऐंशी रुपयांच्या मिसळीसाठी कोणाच्या खात्यात पैसे चाललेत, हे आपल्याला कळलंच पाहिजे, असा दंडक आहे. यूपीआय ॲपवर बँकेच्या दफ्तरी असलेलंच नाव दिसावं, असा नियम ३० जून २०२५ पासून लागू झाला. आरटीजीएस आणि एनईएफटीने पैसे पाठवतानाही आधी नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं. शिवाय रविवार कारंजावरच्या चहाच्या टपरीवरचा डबा तर किती रुपये आले, ते अख्ख्या चौकाला ओरडून सांगतो. म्हणजे स्वतःच्या राजीखुशीने पैसे देताना समोरच्याचं नाव जाणून घेणं हा आपला हक्क. आणि तेच पैसे कोणी मनाविरुद्ध ओढून नेले की ते नाव जाणून घेणं हा आपला आगाऊपणा. मिसळवाल्याला जितकं उघडं राहावं लागतं, तितकंही चोराला राहावं लागत नाही.

बरं, माणसाचं नाव चारचौघांत घेणं बँकेच्या स्वभावातच नाही, असंही म्हणता येत नाही. वर्तमानपत्राच्या मागच्या पानांवर रोज छापून येणाऱ्या ताबा नोटिसा वाचाव्यात. कर्जदाराचं पूर्ण नाव, जामीनदाराचं पूर्ण नाव, बाकी रक्कम पैशांपर्यंत, आणि घराच्या चतुःसीमा: पूर्वेस अमुकाचा प्लॉट, पश्चिमेस कॉलनी रस्ता, उत्तरेस तमुकाची भिंत. कर्जाशी काडीचा संबंध नसलेला उत्तरेकडचा शेजारीही त्यात फुकट प्रसिद्ध होतो. ही नोटीस दोन प्रमुख वर्तमानपत्रांत, त्यातही एका स्थानिक भाषेतल्या, छापलीच पाहिजे, असं २००२च्या सरफेसी कायद्याचे नियम सांगतात. मित्रासाठी जामीन राहून सही करणारा माणूस एकही रुपया न घेता जिल्हाभर गाजतो. हप्ता चुकला की पतमाहिती कंपन्यांकडे खबर जाते, ती वेगळीच. आणि पैसे थकवणाऱ्याची लाज काढण्याच्या बाबतीत आपलं शहर कमी नाही. घरपट्टी थकवणाऱ्यांच्या दारात ढोल वाजवण्याची मोहीम नाशिक महापालिकेने काढली होती. सांगायचा मुद्दा एवढाच, की आपल्याकडे ज्याने पैसे घेतले आणि वेळेवर परत केले नाहीत त्याच्या नावाचा ढोल वाजतो. ज्याने परत करण्याचा विचारही न करता घेतले, त्याच्या नावापुढे मात्र सगळ्यांचे घसे बसतात.

या बाबतीत नाशिककरांची अपेक्षा इतरांपेक्षा जरा जास्त असली, तर त्यांना दोष देता येणार नाही. तोतयेगिरीचा या देशातला सर्वात गाजलेला गुन्हा पंचवटीतच घडला असं आपण मानतो, आणि त्यात आजच्या सायबर चोरांचा अख्खा अभ्यासक्रम आहे. आधी सोन्याचं हरीण, म्हणजे न परवडणारी ऑफर. मग मारीचाने काढलेला रामाचा आवाज, म्हणजे ओळखीच्या माणसाच्या आवाजातला फोन. मग दारात साधूच्या वेशातला रावण, म्हणजे 'मॅडम, मी बँकेतून बोलतोय'. लोककथेतली लक्ष्मणरेषा तर ओटीपीच्या तत्त्वावरच चालते: बाहेरच्याला ती ओलांडता येत नाही, आतल्याने आपण होऊन पाय बाहेर टाकावा लागतो. पण पंचवटीच्या गुन्ह्यात एक सोय होती, ती आज नाही. जटायू. इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला तो पडला, अशी आपल्याकडची श्रद्धा. वाल्मीकी रामायणातला जटायू पंख छाटलेले असताना आणि तोंडातून रक्त येत असताना रामाला काय काय सांगतो, ते बघण्यासारखं आहे. नेणारा रावण, तो कोणाचा मुलगा आणि कोणाचा भाऊ, गेला दक्षिणेकडे, आणि नेलं ती वेळ 'विंद' नावाच्या मुहूर्ताची. या मुहूर्तावर हरवलेलं धन मालकाला लवकर परत मिळतं, एवढा दिलासाही तो देतो. १९३० या हेल्पलाइनवर 'पहिल्या तासाभरात फोन करा' म्हणून सांगतात, ते याहून वेगळं काही नाही. जटायूच्या जागी बँक असती तर रामाला एवढंच ऐकू आलं असतं: आपली तक्रार नोंदवली गेली आहे, पळवून नेणाऱ्याची माहिती त्रयस्थ व्यक्तीची असल्याने देता येत नाही, आणि आमची सेवा आपल्याला कशी वाटली, ते एक ते पाच ताऱ्यांत कळवा.

आता बँकेची बाजू. ती कमकुवत नाही. बँकेने ग्राहकाचं गुपित राखावं, हे तत्त्व १९२४ साली गाजलेल्या टूर्निए खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने पक्कं केलं. तिथे झालं असं की, एका ग्राहकाने थोडीशी बाकी थकवली, म्हणून शाखाधिकाऱ्याने त्याच्या मालकाला फोन केला आणि बोलता बोलता हा गृहस्थ जुगार खेळत असावा, असं सांगून टाकलं. ग्राहकाची नोकरी गेली. न्यायालय म्हणालं, कायद्याची सक्ती, समाजाप्रति कर्तव्य, बँकेचं स्वतःचं हित आणि ग्राहकाची संमती, या चार वाटा सोडून बँकेने तोंड उघडायचं नाही. आपल्याकडे राष्ट्रीयीकृत बँकांना हेच बंधन १९७०च्या कायद्याच्या तेराव्या कलमाने घातलं आहे, आणि स्टेट बँकेला १९५५च्या तिच्या स्वतःच्या कायद्याने. या कायद्यांत कुठेही 'सज्जन ग्राहक' असा शब्द नाही. चोराचं खातं ज्या बँकेत, त्या बँकेचा तोही ग्राहकच. रांगेत उभा राहून पासबुक भरून घेण्याचा त्याचा हक्क आपल्याइतकाच आहे, आणि मशीन बंद असलं तर त्याचीही चिडचिड होत असणार. आपल्या खात्यात किती पैसे आहेत, हे बँकेने आपल्या मेहुण्याला सांगू नये असं वाटत असेल, तर तेच कुलूप इतरांच्या खात्यांनाही लागणार, हे मान्य करावं लागतं.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. जटायूने रावणाला समोरासमोर पाहिलं होतं, झुंजला होता. बँक चोराला पाहत नाही. तिला दिसतो तो खातेदार, आणि खातेदार हा बहुतेक वेळा साधूचा वेश असतो. दोन-पाच हजारांसाठी आपलं खातं, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्यांना या धंद्यात 'म्यूल' म्हणतात, म्हणजे खेचर. ओझं वाहतं खेचर, माल असतो व्यापाऱ्याचा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये दरोडा पडला, तेव्हा ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, काही आपल्या कोल्हापुरातूनही. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं, ती बहुतेक यंत्रासमोर उभं राहून नोटा गोळा करणाऱ्या फळीतली माणसं. आखणी करणारे सातासमुद्रापलीकडेच राहिले. तेव्हा बँकेने खातेदाराचं नाव सांगून टाकलं, तर काय होईल? जटायूने 'कोणीतरी साधू होता' एवढंच सांगितलं असतं आणि राम सिंहस्थात रामकुंडावर गेला असता, तर जे झालं असतं तेच. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यात आणखी एक पेच आहे. चोरीचे पैसे एका खात्यातून पाच, पाचांतून पंचवीस खात्यांत पसरतात, आणि त्यातले काही प्रामाणिक दुकानदाराच्या गल्ल्यातही येऊन पडतात. चोराने लासलगावच्या एखाद्या व्यापाऱ्याकडून दोन गोण्या कांदा घेतला, तर साखळीत त्या व्यापाऱ्याचंही नाव येतं, त्याचं खातं गोठतं, आणि कांदा सोलण्याआधीच त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. अशा माणसाचं नाव संतापलेल्या फिर्यादीच्या हातात देणं, हे गुन्ह्याचा तपास नसून दुसऱ्या गुन्ह्याची सोय करणं होय. शिवाय बँकेच्या वहीतलं नाव खरं असेलच, याचीही खात्री नाही. पीएमसी बँकेत २०१९ साली उघडकीला आलेल्या घोटाळ्यात एकाच बांधकाम समूहाची बुडीत कर्जं झाकायला २१,०४९ बनावट खाती रचली होती. बारशाला एक नाव ठरवताना आत्यांची भांडणं होतात. इथे एकवीस हजार नावं बिनबोभाट ठेवली गेली.

तेव्हा चोराचं नाव आपण सोडून देऊ. ते बँकेने पोलिसांना सांगावं, पोलिसांनी न्यायालयाला, आणि न्यायालयाने वेळ मिळेल तेव्हा आपल्याला. पण 'कोणी केलं' या प्रश्नात दोन माणसं लपलेली असतात, हे ग्राहकाच्याही लक्षात येत नाही आणि बँकही आणून देत नाही. एक, माल नेणारा. दुसरा, दार उघडं ठेवणारा. पहिल्याच्या नावासाठी आपण काउंटरवर डोकं आपटतो, आणि त्या गोंधळात दुसरा शांतपणे चहा पीत असतो. खरा पैसा या दुसऱ्याच्या नावावर ठरतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात, नुकसान कोणी सोसायचं ते स्पष्ट लिहिलं आहे. बँकेची चूक किंवा बँकेचंच अंग असेल, तर ग्राहकाने कळवलं असो वा नसो, त्याला एक पैशाचाही भुर्दंड नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्याच कुठल्या यंत्रणेची असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्याला भुर्दंड नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. आणि ग्राहकानेच पासवर्ड वाटला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. म्हणजे पैसे परत मिळणार की नाही, हे दार कोणी उघडं ठेवलं, यावर अवलंबून. आणि दार कोणी उघडं ठेवलं, हे ठरवणार कोण? ज्याच्या खिशातून पैसे जाणार, ती बँक. गोल्फ क्लब मैदानावरच्या क्रिकेट सामन्यात बॅट्समनलाच अंपायर केलं, तर तो स्वतःला किती वेळा बाद देईल, याचा हिशेब करायला रिझर्व्ह बँकेची गरज नाही.

परिपत्रक लिहिणाऱ्यांना हे दिसलं नव्हतं असं नाही. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भार त्यांनी बँकेवरच टाकला. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करा आणि ९० दिवसांत निकाल लावा, असंही सांगितलं. कागदावर हे सगळं आहे. काउंटरवर मात्र ग्राहकाला मिळते ती तीन वाक्यांची आरती: 'सिस्टीमला व्यवहार सक्सेसफुल दाखवतंय', 'ओटीपी टाकल्याशिवाय होत नाही काका', आणि 'हेड ऑफिसला मेल टाकलाय'. काही दिवसांनी मोबाइलवर संदेश येतो, की आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. कशावरून बंद केली? ओटीपी कधी, कोणत्या नंबरवर गेला, ॲप कोणत्या नव्या फोनवर सुरू झालं, काही नाही. ओटीपी बरोबर पडला, म्हणजे तो ग्राहकानेच दिला, हा तर्क असा आहे की, किल्लीने दार उघडलं म्हणजे घरमालकानेच चोरी केली. या तर्काला सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२५ मध्ये दाद दिली नाही. आसाममधल्या एका ग्राहकाचे ९४,२०४ रुपये ८० पैसे देशातल्या सर्वात मोठ्या बँकेला भरून द्यावेच लागले. ऐंशी पैशांसह. त्या ग्राहकाने चोवीस तासांच्या आत बँकेला कळवलं होतं. आणि एवढ्या रकमेसाठी दिल्लीपर्यंत जाण्याची चिकाटी सगळ्यांत नसते. बहुतेकांची चिकाटी नाशिक रोड स्टेशनवरच संपते.

याच्या शेजारी आणखी एक चित्र ठेवून बघावं. एखाद्या कर्जदाराला 'फसवणूक करणारा' ठरवायचं असेल, तर आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०२३ रोजी सांगितलं. ते योग्यच होतं. त्यानुसार रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२४च्या निर्देशांत अशा माणसाला सविस्तर कारणे दाखवा नोटीस, उत्तरासाठी किमान २१ दिवस आणि शेवटी कारणांसह लेखी आदेश, अशी सगळी मानमरातबाची व्यवस्था झाली. ज्याने फसवलं असा संशय आहे, त्याला कारणांसह आदेश. आणि जो फसला, त्याला 'क्लोज्ड'. बँकेकडून नीट, मुद्देसूद, आदरयुक्त पत्र मिळवायचं असेल, तर फसवणुकीच्या कोणत्या बाजूला उभं राहावं, हा विचार यातून कोणाच्या मनात आला, तर त्याला बिघडलेला म्हणता येणार नाही.

यावर बँकवाल्यांचा ठरलेला आक्षेप असतो: चोरी कशी झाली ते सांगितलं, तर इतर चोर शिकतील. या भीतीचा मान राखायला हवा, पण चोरांची शिकवणी कधीच पूर्ण झाली आहे. शिवाय रिझर्व्ह बँकेनेच २०२२ मध्ये फसवणुकीच्या तऱ्हा समजावणाऱ्या पुस्तिका काढल्या, त्यातल्या एकीचं नावच 'राजू अँड द फॉर्टी थीव्ज'. चाळीस प्रकारच्या चोऱ्या, चित्रांसह, लहान मुलालाही कळतील अशा. चाळीस चोर सगळ्यांनी वाचावेत म्हणून छापले आहेत. आपल्या खात्यावर आलेला एक्केचाळिसावा तेवढा गोपनीय. दुसरा आक्षेप, तपास चालू आहे म्हणून बोलता येत नाही. तोही थोडा वेळ मान्य. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, तपास कुठवर आला ते फिर्यादीला ९० दिवसांत कळवण्याचं बंधन खुद्द पोलिसांवर घातलं आहे. ज्यांचा तपास, तेच सांगायला बांधील; ज्यांच्याकडून फक्त कागद मागवलेत, त्यांचं मात्र तोंड बंद. लग्नात नवरा-नवरी हसून बोलताहेत आणि मांडववाला मौन धरून बसलाय, असा हा प्रकार.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती म्हणजे कधी कधी दार उघडं ठेवणारा घरातलाच निघतो. कुंपणाने शेत खाल्लं, तर ते शेतमालकाला कोण सांगणार? कुंपण? पंजाब नॅशनल बँकेने १४ फेब्रुवारी २०१८ रोजी मुंबईतल्या एका शाखेतला सुमारे १७७ कोटी डॉलरचा घोटाळा शेअर बाजाराला कळवला, तेव्हा लाभ झालेल्यांचा उल्लेख होता 'काही निवडक खातेदार'. निवडक कविता, निवडक कथा असतात, तसे निवडक खातेदार. तरी तिथे निदान कळवावं तरी लागलं, कारण बाजारात नोंदलेल्या कंपनीला भागधारकांपासून असलं काही लपवता येत नाही. ज्याने शंभर रुपयांचा शेअर घेतला, त्याला सांगायचं. ज्याने आयुष्याची पुंजी ठेवली, त्याने पेपरात वाचायचं. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर १३ फेब्रुवारी २०२५ रोजी निर्बंध आले आणि पुढे १२२ कोटींच्या अपहाराच्या आरोपावरून बँकेच्याच महाव्यवस्थापक राहिलेल्या अधिकाऱ्याला अटक झाली. ठेवीदारांना ही गोष्ट पासबुकात कुठेच छापून मिळाली नव्हती. व्यक्तिगत विदा संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, त्यांत तर ही विभागणी स्पष्टच लिहिली आहे: माहितीची गळती झाली की ती कशी, किती आणि केव्हा झाली, त्याचा परिणाम काय, हे ग्राहकाला सांगायचं, ती कोणामुळे झाली याचे निष्कर्ष मात्र विदा संरक्षण मंडळाकडे द्यायचे. एका अर्थी हे शहाणपणाचं आहे. नाव मंडळाकडे, वाट ग्राहकाकडे. पैशांच्या चोरीतही एवढंच झालं, तरी पुष्कळ झालं.

शेवटचा आक्षेप सर्वात चिवट: लोक स्वतःच मूर्खपणा करतात, ओटीपी देतात, अनोळखी ॲप डाउनलोड करतात, व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या पोलिसासमोर दिवसभर स्वतःला कोंडून घेतात, आणि मग बँकेच्या नावाने ओरडतात. हे खरं आहे, आणि पुष्कळदा खरं आहे. पण खरं असेल, तर ते सांगायला बँकेला सर्वात जास्त आनंद व्हायला हवा! निर्दोष माणूस पुरावा लपवत नाही, तो लॅमिनेट करून ठेवतो. म्हणून मागणी फार छोटी आहे, एका पानाची. चोरी किती वाजता आणि कोणत्या मार्गाने झाली. ॲप कोणत्या नव्या मोबाइलवर केव्हा नोंदलं गेलं. ओटीपी कोणत्या नंबरवर, किती वाजता पोहोचला. पैसे कोणत्या बँकेत गेले. खातेदाराचं नाव नको, बँकेचं पुरे. आपल्या बँकेने त्या बँकेला किती वाजता कळवलं आणि त्यातले किती रुपये अडवले गेले. २०१७च्या परिपत्रकातल्या तीन रकान्यांपैकी आपलं प्रकरण कोणत्या रकान्यात टाकलं, आणि कशाच्या आधारावर. आणि शेवटी, बँकेच्या कोणा नोकराचा किंवा एजंटाचा यात हात आढळला का: होय की नाही. यातल्या एकाही ओळीने कोणा त्रयस्थाचं गुपित फुटत नाही. फुटली तर बँकेची झाकली मूठ फुटेल, आणि तीत सव्वा लाख कोणाचे आहेत, हे एकदा बघायला काय हरकत आहे? ज्या बँकेने खेचराचं खातं उघडलं, तिचं नाव कळण्याचा फायदाही मोठा. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून पाठवायला लावलेल्या पैशांची भरपाई ८५ हजार पौंडांपर्यंत द्यावी लागते, आणि तिचा अर्धा भार पैसे घेणाऱ्या बँकेवर पडतो. अर्धं बिल आपल्याला भरायचं आहे, हे कळलं की माणूस पाहुण्यांची यादी जरा नीट वाचतो.

पुन्हा एकदा टाकेदला जाऊ. जटायूने रामाला सगळं सांगितलं असं आपण मानतो, पण एक गोष्ट राहिलीच होती. रावण कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ हे सांगेपर्यंत त्याचा श्वास संपला, पत्ता सांगायचा राहून गेला. लंका कुठे आहे, हे रामाला पुढे किष्किंधेपासून समुद्रापर्यंत माकडं धाडून शोधावं लागलं. तरीही जटायूची माहिती अपुरी होती, अशी तक्रार रामाने कुठे केल्याचं ऐकिवात नाही. कारण त्याने दिशा सांगितली होती, वेळ सांगितली होती, आणि मुख्य म्हणजे, चोर आला तेव्हा आपण स्वतः काय करत होतो, हे त्याच्या छाटलेल्या पंखांकडे बघून कोणालाही कळत होतं. बँकेकडूनही पत्ता नको आहे. दक्षिण दिशा आणि वेळ सांगितली तरी भागेल. आणि पंखांची अवस्था आम्ही आमच्या डोळ्यांनी बघून घेऊ.